आधी खिसा, मग पाणी

त्या लाँड्रीत कायदा एकच होता. आधी खिसा, मग पाणी. कपडा साहेबाचा असो नाहीतर हमालाचा, खिशात हात घालून चाचपल्याशिवाय तो मशीनमध्ये जायचा नाही. कायदा आईचा, आणि आईचा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आसपासच्या लॉजांच्या चादरी आणि तिथे उतरलेल्या प्रवाशांचे कपडे धुवायला यायचे. खिशातून जे निघेल ते बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जायचं. किल्ल्या, एकेकटी कानातली, कुणाला न कळणाऱ्या भाषांतली तिकिटं, परक्या देशांची नाणी. एकदा तर अख्खी कवळी निघाली होती आणि मालक ती न्यायला कितीतरी दिवसांनी उगवला. "इतके दिवस हसला कसा असेल बिचारा?" आई म्हणाली, तर इस्त्रीवाले काका म्हणाले, "हसायचं सोडा हो, जेवला कसा ते विचारा."

घरची लेक ठिणगी या डब्याच्या खुळखुळाटातच मोठी झाली. तिला खरं नाव होतं, पण ते शाळेच्या पटावर होतं, आणि शाळा सुटल्यापासून ते वापरायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं. पासपोर्टवर ते नाव छापून आलं तेव्हा तिला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा आला.

आता तो पासपोर्ट काढायची बुद्धी कुठून झाली, तर मामामुळे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लाँड्रीची गाडी चालवायचा, गठ्ठे आणायचा, पोचवायचा, आणि मधल्या वेळात ठिणगीला डिवचायचा. एकदा जेवताना ती सहज बोलून गेली की लॉजमध्ये पाठीला सॅक लावलेल्या एकट्या पोरी येतात, तशी आपण पण एकदा जाऊन येऊ परदेशात.

मामाचा घास हातातच राहिला. "तू? एकटी? अगं, दाताच्या डॉक्टरकडे जाताना आईचा पदर सोडत नाहीस."

"पदर काय पदर! आई ड्रेस घालते."

"बाही मग. बाही सोडत नाहीस."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. झालं. ठिणगी ताटावरून उठली, आत गेली आणि होता नव्हता तेवढा साठवलेला पगार घालून फोनवरून महिनाभराचं जायचं-यायचं तिकीट काढून बाहेर आली. पैसे परत न मिळणारं तिकीट. राग आला की तिचं असंच व्हायचं, हात आधी चालायचा आणि डोकं मागून धापा टाकत यायचं.

त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. राग कधीच उतरला होता, तिकीट तेवढं राहिलं होतं. मंगळवारचं. आणि मधल्या दिवसांत लोकांनी तिला घरबसल्या थकवून टाकलं होतं. पाणी उकळून पी. कुणाशी बोलू नकोस. सगळ्यांशी बोल, त्याशिवाय रस्ता कळायचा नाही. इस्त्रीवाले काका आयुष्यात बस डेपोच्या पुढे गेले नव्हते, तेही सांगायचे की विमानात कानात कापूस घाल. रात्री ती फोनवर एकट्या फिरणाऱ्या पोरींचे व्हिडिओ बघायची. सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र, सगळ्या डोंगराच्या टोकावर हात पसरून उभ्या. त्यातली एकही कधी दमलेली नसायची. ठिणगी मात्र न जाताच दमली होती. सकाळी उठली की आधी छातीवर ते तिकीट बसलेलं असायचं, मग बाकीचा दिवस.

सॅक तिने जुन्या बाजारातून आणली होती. मोठी, हिरवी, पाठीला टेकते त्या गादीमागे एक चोरखिसा असलेली. पासपोर्ट तिथेच ठेवायचा, कुणाचा हात पोचत नाही, असं व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं. म्हणून शुक्रवारी तिने तो तिथे ठेवला आणि सॅक पाठीवर घेऊन खोलीत चार फेऱ्या मारल्या, कसं वाटतं बघायला. जड वाटलं. सॅकला कुणाच्या तरी जुन्या ओलीचा वास होता. शनिवारी सकाळी तिने ती लाँड्रीत आणून ढिगाजवळ टाकली, वेळ मिळाला तर उन्हात घालू म्हणून.

दुपारी मामा गठ्ठे घेऊन आला आणि नाक धरून उभा राहिला.

"काय गं, उंदीर मेलाय कुठे?"

"सॅक आहे माझी."

"हिला घेऊन विमानात बसणार? पायलट खिडकी उघडेल."

काका इस्त्री थांबवून हसले. ठिणगीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने सॅक उचलली, मोठ्या मशीनच्या तोंडात कोंबली, पावडर ओतली आणि दार असं आपटलं की वरचा डबा खुळखुळला. "धुते! बस? होईल समाधान?" मामा शीळ घालत पुढचे गठ्ठे आणायला निघून गेला, काका त्याच्या मागून चहाला.

ती चादरींच्या घड्या घालत बसली. पाच-सहा घड्या झाल्या असतील. सातव्या चादरीचं टोक हनुवटीखाली धरलेलं असताना तिला आठवलं.

चादर तिथेच गळून पडली.

मशीनच्या काचेमागे हिरवं काहीतरी वर यायचं, आपटायचं, फेसात नाहीसं व्हायचं. आई मागच्या दाराने कोरडे टॉवेल घेऊन आत आली.

"आई, पासपोर्ट आत आहे."

"कशात?"

"सॅकमध्ये."

"आणि सॅक?"

ठिणगीने बोट दाखवलं.

आईने मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टॉवेल खाली ठेवले, स्टूल ओढलं. "बस."

"बस काय? बंद कर ना!"

"पाणी भरलंय. आता निथळेपर्यंत दार उघडत नाही. हे काय तुला मी सांगायचं?"

ठिणगी बसली. आता आपण ओरडणार, लाथ मारणार मशीनला, असं तिला वाटत होतं. ती वाट बघत राहिली, पण काही आलंच नाही. मांडीवर हात सैल पडले. पाठीचा कणा, जो इतके दिवस कुणीतरी वरून ओढून धरल्यासारखा ताठ होता, तो हळूच खाली बसला. संपलं. आता काही करता येणार नाही, म्हणजे काही करायचं उरलं नाही. मंगळवार नुसता मंगळवार होता. चादरींचा वार.

तिला जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. मागोमाग दुसरी.

मशीन घरघरत होतं. आई काचेकडे बघतच नव्हती. बऱ्याच वेळाने ती उठली, फळीवरचा डबा काढला आणि ठिणगीच्या मांडीवर ठेवला. झाकण उघडलं. नाण्यांवर, किल्ल्यांवर पासपोर्ट आडवा पडला होता. कोरडा ठणठणीत.

"सकाळी ढिगाजवळ सॅक दिसली," आई म्हणाली. "हात गेला."

"चोरखिशात?"

"चोरखिसा चोरांसाठी असतो. मला काय त्याचं?"

ठिणगीने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग ती भडकली. "मग बोलली का नाहीस? इतका वेळ नुसती बघत बसलीस? इथे माझा जीव गेला असता!"

"गेला नाही. जांभई दिलीस."

ठिणगीचा हात आपसूक तोंडावर गेला.

"दोन दिल्यास," आई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, दमलेला होता आवाज. "रात्रभर कूस बदलत असतेस ते मला कळत नाही का? नसेल जायचं तर नको जाऊस गं. तिकीट गेलं तर गेलं."

"आणि मामा? जन्मभर दात काढेल."

"धुतला गेला म्हणू. माझ्या हातून गेला म्हणू. मला कोण काय बोलणार?"

ठिणगीने डब्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आईच्या हातून एक टाचणी पाण्यात गेली नव्हती. लॉजवाले गिऱ्हाइकांना सांगायचे, तिथे द्या, तुमचा खिसा तिथे बँकेत असतो.

तिने पासपोर्ट परत डब्यात ठेवला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आईने झाकण लावलं.

तेवढ्यात काका चहा पिऊन परत आले आणि मागोमाग मामाची गाडी दाराशी लागली. "काय मग जगप्रवासी," तो लांबूनच ओरडला, "आंघोळ झाली का मेल्या उंदराची?"

"पासपोर्ट धुतला गेला रे तिचा," आई म्हणाली. "सॅकमध्ये होता. सकाळी खिसे मीच बघितले, चोरखिसा तेवढा राहिला."

मामा दारातच थांबला. "तू? ताई, तुझ्या हातून?"

"झालं खरं."

मामाने खांद्यावरचा गठ्ठा खाली ठेवला, आणि मग जे केलं ते त्याने कधीच केलं नव्हतं. ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे गं बाळा. नशिबात नव्हतं. इथेच काय कमी आहे? पुढे कधीतरी बघू." आवाज असा की जणू ती आजारी आहे. शाळा सुटली त्या दिवशीही तो याच आवाजात बोलला होता, असू दे, सगळ्यांनाच झेपतं असं नाही. तेव्हाही तिला हलकं वाटलं होतं. आठवडाभर. मग घड्या सुरू झाल्या होत्या.

मग तो आईकडे वळला. "वय झालं बघ ताई तुझं आता. एखादी बाई ठेव खिसे बघायला."

आई हसली आणि घडी घातलेल्याच कोरड्या टॉवेलांची घडी पुन्हा सारखी करू लागली. ठिणगीची नजर तिच्या हातांवर गेली. बोटं साबणाने फुगून पांढरी झालेली, आणि एका जागी ठरत नव्हती.

मामा आणखी गठ्ठे काढायला गाडीकडे गेला. मशीन थांबलं, टक करून दार सुटलं. सॅक बाहेर काढली तर ओल्या कुत्र्याएवढी जड. दाराच्या रबरात, सॅकच्या शिवणीतून निघालेला गाळ जमला होता. पाइप तुंबू नये म्हणून तो लगेच काढावा लागतो. ठिणगीने बोट फिरवून काढला. ती वाळू होती. काळी. कोळशासारखी काळी आणि मधूनच चमकणारी.

वाळू तिच्या ओळखीची होती. पिवळी, पांढरी, तांबूस, उशांच्या अभ्र्यांतून, चड्ड्यांच्या खिशांतून रोज निघायची. काळी तिने कधी बघितली नव्हती. तिने ती दोन बोटांत चोळली. "ही कुठली गं?"

"मला काय माहीत. टाक कचऱ्यात."

"अशी पण असते?"

"असते म्हणजे, निघाली ना."

ठिणगी तळहात उन्हाकडे तिरका करून बघत राहिली. जगातला सगळा मळ या दारातून आत येतो, तिला वाटलं, आणि आपण तो धुऊन गटारात सोडतो, कुठून आला कुणाला विचारतसुद्धा नाही. भीती होतीच, हलली नव्हती. थकवाही होता. फक्त आता हेही समजत होतं की इथे राहूनही थकवा जाणार नव्हता, तो दुसऱ्या कशाला तरी चिकटला असता.

तिने वाळू पुसली, सगळी नाही. सॅक उचलून दांडीवर उलटी टांगली, सगळ्या चेनी उघडल्या.

"ड्रायरमध्ये नको घालूस हं," इस्त्रीवाले काका म्हणाले, "गादी वितळेल."

"माहीत आहे."

"मग मंगळवारपर्यंत काही वाळत नाही. आत कोरडे टॉवेल कोंबून दर थोड्या वेळाने बदलत बसलं तरच." मग त्यांना आठवलं. "पण आता काय, सावकाश वाळू दे."

ठिणगीने ढिगातला एक कोरडा टॉवेल ओढला आणि सॅकच्या पोटात कोंबला. मग दुसरा. मामा गठ्ठा घेऊन आत आला तो बघतच राहिला.

"पासपोर्ट गेला ना? मग कशाला एवढी ओढाताण?"

आईने मान वर केली. तिचे हात थांबले. खोटं जसंच्या तसं उभं होतं. आईने ते इतकं नीट उभं केलं होतं की ठिणगीला फक्त गप्प बसायचं होतं.

"पासपोर्ट डब्यात आहे," ठिणगी म्हणाली. "सकाळीच काढला होता तिने. तिच्या हातून काही जात नाही."

"मग ताई म्हणाली ते?"

"माझ्यासाठी म्हणाली. मला भीती वाटत होती."

मामाच्या तोंडावर आधी हसू आलं. आता तो बोलणार, ठिणगीने खांदे आवळले, आणि त्याने तोंड उघडलंही. मग कशाने कोण जाणे, आईच्या चेहऱ्याने असेल, ते मिटलं. "मग आता नाही वाटत?"

"वाटते की. सरक जरा, तो टॉवेल दे."

मामाने टॉवेल दिला. "दाताचा डॉक्टर नसेल बरं तिथे," तो पुटपुटला, पण त्यात जोर नव्हता. गठ्ठा टाकून तो निघाला, आणि जाताना सॅकमधून निघणाऱ्या ओल्या टॉवेलांसाठी बादली स्वतःच उचलून ड्रायरपाशी ठेवून गेला.

आई दांडीजवळ आली. सॅकच्या तळात हात घालून तिने चाचपलं, सवयीने, सगळे खिसे, चोरखिसासुद्धा. मग आणखी एक कोरडा टॉवेल पुढे केला.

"खालच्या कोपऱ्यात घाल. ओल तिथे बसते."

ठिणगीला परत जांभई आली. ती तशीच देत तिने टॉवेल कोपऱ्यापर्यंत ढकलला.