माझ्या काट्यांवरचं कुंकू

मी एक जुना ओलावामापक आहे, मित्रांनो. जुना म्हणजे सहा वर्षांचा. पण आम्हा यंत्रांच्या जातीत सहा वर्षं म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. पंजाएवढा डबा, वर आकड्यांचा छोटा पडदा आणि पुढे दोन पितळी काटे, एवढंच माझं रूप. काटे कापसात खुपसले की कापूस किती ओला, ते मी सांगतो.

माझा जन्म धामणगाव बढ्याचा. कौशल्याबाईंच्या पडवीत, देवघराच्या भिंतीला लागून एक टेबल होतं. त्यावर त्यांची भाची अर्पिता मला जोडत बसायची. ती इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होती. नांदुऱ्याच्या जिनिंगमधली, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीतली, मापकं परदेशातून आलेली, परक्या कापसावर शिकलेली. आपल्याकडचा खणखणीत वाळलेला कापूसही ती ओला ठरवायची आणि भरल्या गाड्या दारातून परत जायच्या. अर्पिताला ते बघवत नसे.

त्याच सुमारास एक सरकारी योजना निघाली. देशाला लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं देशातच घडावीत, आणि त्यासाठी कॉलेज, प्रयोगशाळा, कारखाना आणि वापरणारी माणसं यांनी मिळून काम करावं, असं तिचं म्हणणं. अर्पिताचा अर्ज मंजूर झाला. आपल्याच देशातल्या मुलामुलींनी आखलेली चिप एका प्रयोगशाळेतून टपालाने आली, तेव्हा कौशल्याबाईंनी, म्हणजे अर्पिताच्या आत्याबाईंनी, तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

आणि माझे गुरुजी कोण म्हणाल, तर उकंडराव. जिनिंगमध्ये चाळीस वर्षं नुसत्या बोटांनी कापूस पारखणारे. अर्पिता मला घेऊन त्यांच्याशेजारी बसायची. ते मूठ दाबून सांगायचे, मी आकडा दाखवायचो. जुळला नाही की ती माझ्या पोटात काहीतरी बदलायची.

“पोरी, मी चाळीस वर्षांत शिकलो, ते तू डब्यात भरून नेतं काय वं?” ते हसून विचारायचे.

“सारंच नाही काका, तुमची बोटं सोडून जाते.”

“हाव, बोटं राहू दे. जेवाले लागतात.”

असे दोन हंगाम गेले. मग परीक्षेचा दिवस ठरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. यंत्रं घडवणाऱ्या कारखान्याचे इंजिनिअर प्रेमानंद येणार होते. मी त्या दिवशी खरा उतरलो तर माझ्यासारखी हजारो यंत्रं देशात घडणार होती. नाही उतरलो, तर जिनिंगवाले पुन्हा बाहेरचीच मापकं मागवणार होते.

पण मित्रांनो, आधी खंडेनवमी आली. घरोघरी हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. आत्याबाईंनी पाटावर विळा, खुरपं, शिलाई मशीनची कात्री मांडली. अर्पिता कॉलेजात गेली होती. आत्याबाई माझ्याकडे बघून मनाशी म्हणाल्या, “याले काऊन ठेवा बाजूले? हेच त माह्या लेकीचं हत्यार.” मलाही त्यांनी पाटावर बसवलं आणि काट्यांच्या मुळाशी ओल्या हळदीकुंकवाचं आडवं बोट ओढलं, या काट्यापासून त्या काट्यापर्यंत. खरं सांगतो, तेवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मी फुलून गेलो.

परीक्षेच्या सकाळी अर्पिताने माझ्यावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, पण काट्यांच्या मुळाशी पाहिलं नाही. पडवीत उकंडरावही येऊन बसले होते. प्रेमानंदांनी प्रयोगशाळेतून कापसाची बंद पाकिटं आणली होती. खरा आकडा लिफाफ्यात. पहिल्या पाकिटात काटे गेले आणि मी एकोणीस टक्के ओल दाखवली. लिफाफ्यात होते नऊ! दुसऱ्यालाही तसंच. अर्पिताचा चेहरा उतरला. प्रेमानंद वही मिटू लागले.

डब्यात शंकरपाळे घेऊन आलेल्या आत्याबाई मागे उभ्या होत्या. चातुर्मासात त्या रोज सूर्य डोक्यावर येईपर्यंत मौन पाळतात. अकरा वर्षांचा नेम. त्यांनी आपल्या कपाळाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. पुन्हा कपाळाकडे, पुन्हा माझ्याकडे.

“बाई आशीर्वाद देऊन राह्यल्या,” उकंडराव म्हणाले. “पण आता आशीर्वादानं काय होते?”

वही मिटली गेली. तेव्हा आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि त्या बोलल्या, “थांबा बाप्पा! माह्याच हातानं झालं. म्या त्याले कुंकू लावलं.”

मग अर्पिताने मला उलटं केलं आणि तिला ती लाल रेघ दिसली. पहाटेच्या गारव्याने ओलसर झालेलं कुंकू मी कापूस समजून मोजत होतो! तिने रुमालाने मला स्वच्छ पुसलं. पुन्हा काटे खुपसले. नऊ. दुसरं पाकीट, अकरा. लिफाफ्यातही अकरा. उकंडरावांनी अशी टाळी वाजवली की दचकलेल्या आत्याबाईंच्या हातून शंकरपाळे सांडले.

प्रेमानंद मात्र विचारात पडले. “कुंकू पुसलं. पण जिनिंगमध्ये घाम लागेल, दव पडेल, धूळ बसेल. तेव्हा कोण सांगणार?”

“तोच सांगेल,” अर्पिता म्हणाली.

पुढचे तीन महिने प्रयोगशाळेतली मुलं, कारखाना, अर्पिता आणि उकंडराव यांनी मिळून मला नवी सवय लावली. सुरू झाल्यावर आधी मी रिकामे काटे तपासतो. जरा ओल वाटली की आकडा दाखवतच नाही, एकच शब्द दाखवतो: ‘पुसा.’ आज माझी हजारो भावंडं कापूस मोजतात, आणि त्या सगळ्यांना हा शब्द येतो. गाड्या आता परत जात नाहीत.

कारखान्यातलं पहिलं यंत्र घरी आलं, तेव्हा आत्याबाईंनी पडद्यावर ‘पुसा’ वाचलं आणि त्या पदराआड हसल्या. “माय वं, हे त मलेच बोलून राह्यलं!”

उकंडरावांनी विचारलं, “पण बाई, मौन मोडलं ना तुमचं?”

“देवाले सांगतलं मी. तो काही नाही म्हणला.”

मी आता कॉलेजच्या कपाटात असतो. कधी धूळ बसते, कधी महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. पण खंडेनवमीला अर्पिता न चुकता मला घरी नेते. आत्याबाई कुंकवाचं बोट माझ्या डब्याच्या झाकणावर लावतात, काट्यांवर नाही.

मित्रांनो, तुमच्या हाती एखादं यंत्र आलं तर त्याला जरूर मान द्या, पण आधी पुसा. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, तर आत्याबाईंसारखं लगेच सांगून टाका. त्या दिवशी त्या गप्प राहिल्या असत्या, तर मला हा शब्द कधीच शिकता आला नसता.