आठ मिलिमीटर

वजन करताना कार्तिकीचा झगा काढला, तेव्हा पाठीवर चार गोल डाग दिसले. मी पट्टीने मोजले. प्रत्येक डाग आठ मिलिमीटरचा. पडून झालेल्या जखमा अशा एका मापाच्या नसतात.

"बिडीचे हायेत," आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस अख्तरीबाई हळूच म्हणाल्या. "फोन नका करू, मॅडम. तिचा बाप पोलीस पाटील हाय."

"कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, मावशी."

"व्हय. पण लेकरू कायद्याच्या घरी झोपत न्हाई."

मी १०९८ वर, मुलांच्या मदतवाहिनीला, फोन केला. चौथ्या दिवशी चौकशीला दोन माणसं आली आणि रिवाजाप्रमाणे आधी पोलीस पाटलाच्याच ओट्यावर चहाला बसली. पोरगी चुलीवर पडली, असं लिहून घेऊन दोघंही परतली.

दुसऱ्या दिवशी कार्तिकीची आजी आली.

"मामाच्या गावाला धाडली तिला. लई हौस ना तुमाला उघडं करून पाहायची?"

"कोणतं गाव, आजी?"

ती पाठ फिरवून चालू लागली.

महिनाअखेरीस मोबाईलवरच्या अंगणवाडीच्या ॲपमध्ये कार्तिकीच्या गैरहजेरीचं कारण निवडायचं होतं. जवळचं असं एकच होतं, 'स्थलांतरित'. मी ते निवडलं आणि तिचं नाव यादीतून गेलं.