सावरगावची बाटली

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तुमच्या शाळेच्या पुस्तकात माझं चित्र असतं आणि खाली हेच नाव छापलेलं असतं, म्हणून ते सांगितलं. पांढुर्ण्यात मला या नावानं कोणी हाक मारत नाही. डॉक्टर प्रतिभा मॅडम मला मायक्रोस्कोप म्हणतात आणि त्यांच्या लॅबमधले अनिलभाऊ मला सरळ ‘म्हातारबा’ म्हणतात. आधी मला त्याचा राग यायचा. आता येत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पितळेच्या अंगावर काळा रंग, वर डोळा लावायची नळी आणि पायाशी एक गोल आरसा. मला दिवा नाही. खिडकीतलं ऊन आरशावर घ्यायचं आणि काचेच्या पट्टीतून वर पाठवायचं, एवढ्यावर माझं सगळं चालतं. वीज गेली की मोठमोठी यंत्रं गप्प होतात, माझं मात्र काही अडत नाही. या गोष्टीचा मला पहिल्यापासून थोडा तोरा आहे.

माझं तरुणपण नागपूरच्या एका कॉलेजात गेलं. तिथल्या मुलांनी माझे स्क्रू उलटसुलट फिरवले, भिंग काचेवर आपटून काचा फोडल्या आणि दर वेळी दोष माझ्यावर ढकलला. पुढे तिथे विजेवर चालणारी नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथून मला प्रतिभा मॅडमनी सोडवलं. त्या त्याच कॉलेजात शिकल्या होत्या. आपल्या गावी, पांढुर्ण्याला बसस्टँडजवळ लॅब काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला तिथल्या आपल्या सरांकडून मागून घेतलं आणि बसमध्ये मांडीवर ठेवून इकडे आणलं. एवढ्या मायेनं मला आधी कोणी उचललं नव्हतं.

मग माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. पावसाळ्यात मलेरियाचं रक्त यायचं. बारा महिने थुंकीच्या काचा यायच्या. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या दिसल्या की मॅडम म्हणायच्या, “टीबी आहे.” ज्याच्या काचेत त्या दिसायच्या तो माणूस गोळ्या घेऊन बरा व्हायचा आणि कधीतरी पेढे घेऊन यायचा. पेढे अनिलभाऊ खायचे. दिसलं माझ्यातून आणि तोंड गोड झालं दुसऱ्याचं, हे मी कायम मनात ठेवलं. पण अनिलभाऊ माणूस चांगला. त्यांना खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, सवय होती. एकदा मॅडमनी त्यांना खर्रा खाणाऱ्या एका माणसाच्या गालातल्या पेशी माझ्यातून दाखवल्या. ते बराच वेळ डोळा लावून बसले, मग खिशातली पुडी काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मॅडमचं आणखी एक काम चालायचं. मानेला गाठ आली की आपल्या भागात बहुतेक लोक तिला टीबीची गाठ समजतात. ती कधी टीबीची असते, कधी कर्करोगाची. बाहेरून दोन्ही सारख्याच. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतल्या अशा गाठींचा मॅडम अभ्यास करत होत्या. किती गाठी कशाच्या निघतात, आणि खरं काय ते कळायला किती उशीर होतो, हे त्यांना नागपूरच्या सरांबरोबर शोधून काढायचं होतं. त्यासाठी त्या प्रत्येक गाठीची काच लाकडी पेटीत जपून ठेवायच्या. त्या पेटीतली प्रत्येक काच आधी माझ्या डोळ्याखालून गेलेली आहे.

गेल्या वर्षी श्रावणात सावरगावचा भूपेंद्र आला. सावरगाव म्हणजे जाम नदीचा पूल ओलांडला की लागलंच. त्याचा संत्र्याचा बगीचा होता. मोठ्या हसऱ्या आवाजाचा गडी. बरोबर त्याची आई, शकुबाई. मानेच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ होती.

“टीबी असन तं सांगून द्या मॅडम,” तो म्हणाला, “गोळ्या खाऊन घेतो. बगीच्यात काम पडून हाय.”

मॅडमनी गाठीत बारीक सुई घातली, आतला थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि माझ्याखाली ठेवला. लाल काड्या कुठेच नव्हत्या. होत्या त्या मोठमोठ्या पेशी, एकेकीत दोन-दोन टपोरे ठिपके. मॅडमनी डोळा काढला, पुन्हा लावला. मी त्यांना इतक्या वर्षांत ओळखायला लागलो होतो. त्या घाबरल्या होत्या.

भूपेंद्र ऐकेना. “माह्या मानेतलं मले तं पाहू द्या!” म्हणून त्यानं माझ्या नळीला डोळा लावला आणि हसायलाच लागला. “हे तं संत्र्यावानी दिसून राहिले. काही मोठे, काही बारके. व्यापारी आला तं छाटणी करून घेईन!”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सुईतून शंका येते, पण नक्की नाव कळत नाही. पूर्ण गाठ काढून नागपूरला पाठवावी लागेल. आणि शंका खरी निघाली, तरी हा असा कर्करोग आहे की लवकर सापडला तर बहुतेक माणसं बरी होतात. ‘लवकर’ हा शब्द त्या दोनदा म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सौंसरच्या एका दवाखान्यात त्याची गाठ काढली. औषधी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवलेली ती गाठ शकुबाई आमच्या लॅबमध्ये घेऊन आली. एरवी अनिलभाऊच अशा बाटल्या बसनं नागपूरला नेतात. पण दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. त्या दिवशी रिवाज म्हणून जामेच्या दोन्ही काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात, पूल बंद, लॅबही बंद. शकुबाईच म्हणाली, “आमचा हर्षल येऊन राहिला ना पोळ्याले. माहा भाचा. नागपूरलेच राह्यते. वापस जाताना तो नेईन.” मॅडमनी पत्ता लिहून दिला. अनिलभाऊंनी बाटली तिच्या हाती ठेवली आणि थट्टेत म्हणाले, “मावशी, याच्यात तुमच्या भूपेंद्रचा रोग पकडून ठेवला हाय. नीट सांभाळा.”

शकुबाईनं ती बाटली पदरात बांधली. मी मेजावरून बघत होतो. तिचा चेहरा एकदम हलका झाला होता.

दिवाळी आली तरी नागपूरहून अहवाल आला नाही. मॅडमनी कॉलेजात फोन केला, तर बाटली पोचलीच नव्हती. त्यांनी भूपेंद्रला फोन केला. “आई तं म्हणते हर्षलजवळ देली,” तो म्हणाला, “पण मॅडम, आता मले बरं वाटून राहिलं. गाठही नाही काही. संत्रा उतरवाचा हाय, झाला की येतो.” मॅडमनी पुन्हा फोन केला, पुन्हाही केला. संत्रा उतरत होता. पेटीत भूपेंद्रच्या काचेशेजारी या गाठीच्या काचेसाठी राखलेली जागा रिकामीच राहिली.

थंडीत तो आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. सदरा अंगावर लोंबत होता. संध्याकाळी ताप भरायचा, अंथरूण घामानं भिजायचं. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी होत्या, काखेतही होत्या. त्याची बायको प्रणाली त्याचा हात धरून उभी होती, मागे शकुबाई. मॅडम चिडल्या. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “हर्षलचा नंबर द्या मला! एवढी बाटली गेली कुठे?”

तेव्हा शकुबाई खाली फरशीवर बसली.

“त्याले नका फोन करू, बाई. त्याले नाही देली. त्याले मी सांगतलं का लॅबवाल्यायनं नेली. मीच टाकली ती.”

मग तिनंच सांगितलं. मित्रांनो, तुमच्याकडेही पोळ्याच्या दिवशी दारात पळसाच्या डहाळ्या ठेवत असतील. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी त्या गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या, सोबत घरातला रोग आणि पीडा घालवायची आणि ती वाहून नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगायचं, घेऊन जा गे मारबत!

“तुमचा माणूस म्हणे, रोग पकडला हाय याच्यात,” शकुबाई म्हणाली. “मी इचार केला, पकडलेला रोग आता कायले घरात ठेवाचा अन् कायले भाच्याच्या हाती देवाचा? त्याच्याबी घरी लेकरं हायेत. डहाळ्यायसंगं नेली अन् शिवेवर फेकली. दगडावर फुटली ते म्या कानानं ऐकलं. मले वाटलं, गेला बाप्पा. अन् खरंच गेलता तो! गाठ नव्हती ना बाई त्याले! नव्हती ना?”

अनिलभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भूपेंद्रनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे ना माय. दुसरी काढतीन.” एवढंच. त्याचा आवाज पहिल्यासारखा मोठा राहिला नव्हता.

दुसरी गाठ काढली. या वेळी अनिलभाऊ हातातलं काम टाकून तिथल्या तिथे नागपूरच्या बसमध्ये बसले. अहवाल आला. मॅडमना जी शंका होती तोच कर्करोग होता, पण आता तो हाडांच्या आत पोचला होता. नागपूरला उपचार सुरू झाले. पहिल्या औषधांनी गाठी वितळल्या, आम्हा सगळ्यांना आशा वाटू लागली. पण अंगात ताकद उरली नव्हती. त्यातच फुप्फुसात जंतू शिरले आणि ते त्याला झेपलं नाही. मृग बहरासाठी संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात त्या उन्हाळ्याच्या दिवसांत भूपेंद्र गेला. ही बातमी अनिलभाऊंनी आणली. ती सांगताना ते माझ्यावरची धूळ पुसत होते, आणि मी स्वच्छ झालो तरी पुसतच राहिले.

त्यानंतर लॅबमध्ये नवं यंत्र आलं. त्याला दिवा आहे, कॅमेरा आहे, त्यातलं चित्र मोठ्या पडद्यावर दिसतं. ते चांगलं काम करतं, उगाच खोटं का बोलू? मला फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं. पावसाळी दमटपणानं माझ्या एका भिंगावर बुरशी धरली. पोळा जवळ आला तशी लॅबची झाडलोट निघाली. मदतीला आलेल्या कोणीतरी म्हटलं, “हा म्हातारबाही काढून टाका आता.” अनिलभाऊंनी मला उचलून पुन्हा फळीवर ठेवलं.

त्याच दुपारी शकुबाई एकटीच आली. दारातच उभी राहिली.

“बाई, मले एक डाव दाखवा. मी काय फेकलं ते.”

“जे फेकलं ते आता नाही, मावशी. पण सुईची पहिली काच आहे.”

मॅडम नव्या यंत्राकडे वळल्या आणि तेवढ्यात वीज गेली. मग त्यांनी मला खाली घेतलं, फडकं सोडलं, बुरशीचं भिंग फिरवून बाजूला केलं आणि मला खिडकीत ठेवलं. आरसा उन्हाकडे वळवला. पेटीतून भूपेंद्रची काच काढून माझ्याखाली लावली. मित्रांनो, मी माझं सगळं बळ एकवटलं. एवढं स्वच्छ मी आयुष्यात कधी दाखवलं नसेल.

शकुबाईला एक डोळा मिटता येईना. मॅडमनी आपल्या हातानं तिचा डोळा झाकला. ती बघत राहिली. तिचा श्वास माझ्या पितळेला लागत होता.

“हे त्यानं पाह्यलं होतं का?”

“हो. संत्र्यावानी दिसते म्हणाला.”

“हावऽ,” ती म्हणाली. “तसंच दिसते.” तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या नळीवरून खाली उतरलं. जरा वेळानं तिनं वर न बघताच विचारलं, “तवाच पोचली असती तं वाचला असता का, बाई?”

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. “माहीत नाही, मावशी,” त्या म्हणाल्या. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. मला वाटतं, शकुबाईलाही ते कळलं होतं.

“मंग हे मले देता का? माह्या लेकाचं एवढंच राह्यलं.”

मॅडमनी काच माझ्याखालून काढून हातात धरली. ही काच अभ्यासाला लागणार आहे, त्यांनी सांगितलं. अशा गाठी वेळेवर ओळखायला नवे डॉक्टर याच काचेवर शिकतील. तरी तुम्ही मागितली तर मी नाही म्हणणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

शकुबाईनं ती काच मॅडमच्या हातून घेतली, पदरानं पुसायला गेली आणि हात मागे घेतला. खिडकीतल्या उन्हात धरून तिनं ती एकदा पाहिली. मग स्वतःच पेटीतल्या तिच्या जागी ठेवली.

“राहू द्या मंग इथंच,” ती म्हणाली. “पण फेकू नका कोणी.”

काल पोळा झाला. आज तांबडं फुटताना नदीपलीकडून मारबतीच्या आरोळ्या ऐकू आल्या. त्यांत शकुबाईचा आवाज आहे का, म्हणून मी कान देऊन बसलो होतो. फळीवरून काही कळलं नाही.

मित्रांनो, माझं आता फार राहिलेलं नाही. माझी काळजी घ्या असं मला म्हणायचं होतं, पण ते राहू द्या. तुमच्या घरी कधी एखादी लहान बाटली आली, तिला उग्र वास येत असेल, आत डोळ्यांना बघवणार नाही असं काही असेल, तर तिला भिऊ नका. घरातल्या मोठ्यांना सांगा की हा पकडलेला रोग नाही, हा आपल्याच माणसाचा तुकडा आहे आणि तो काहीतरी सांगायला निघाला आहे. सण असो, पूल बंद असो, बगीच्यात संत्रा उतरत असो. मला विसरलात तरी चालेल, ती बाटली तेवढी पोचवा.