कांतीमाईचा लेप आणि वैजयंतीबाईंचे दोन हात

जुईनगरच्या सागरदीप सोसायटीच्या गच्चीवर त्या रविवारी सकाळी बायकांची अशी झुंबड उडाली होती की वाळत घातलेल्या कुरडया कडेला सरकवाव्या लागल्या. सगळ्याजणी पूर्वेकडे तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून उभ्या. आणि तोंडं तरी कशी! कुणाचं टोमॅटोसारखं लाल, कुणाच्या नाकाशेजारी पापुद्रे सुटलेले, कुणाची हनुवटी सोललेल्या बटाट्यासारखी. तरी समाधान असं ओसंडत होतं, जणू सोसायटीला चोवीस तास पाणी मंजूर झालंय.

समोर टाकीच्या सावलीत, वर आणखी एक भलीमोठी छत्री धरायला लावून, कांतीमाई बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचं साधं ब्यूटी पार्लर होतं. तिथे माणसं घासाघीस करतात, इथे पाया पडतात, हा हिशोब त्यांना वेळेत कळला. चेहरा मात्र खरोखर धुतलेल्या काचेसारखा नितळ.

"जळतंय का गं?" माईंनी विचारलं.

"जळतंय, माई!" गच्ची दणाणली.

"जळू दे! तोंड नाही जळत, नजर जळतेय! सोलतंय का?"

"सोलतंय, माई!"

"सोलू दे! शेजारणीचा हेवा, जावेची हाय, सगळं पापुद्र्यापापुद्र्यानं निघतंय!"

हिमालयातून आलेल्या बाबांची आता कुणाला नवलाई उरलेली नाही, म्हणून माईंनी विद्या आणली ती थेट कोरियाहून. "आपल्याच ऋषींची एक शाखा तिकडे गेली होती," त्या ठोकून द्यायच्या, "म्हणून तिथल्या बायकांची कातडी काचेची." घराघरांत सुना कोरियन मालिका बघतात, सासवा चोरून बघतात. तिथल्या नायिकांचे गाल सगळ्यांनी पाहिलेले. मग शंका कोण घेणार?

माईंच्या डब्या दोन. पिवळा अग्निलेप रात्री चोपडायचा आणि सकाळी कोवळ्या नाही, चांगल्या तापलेल्या उन्हात उभं राहायचं. ज्याला नजर लागलीय, त्यालाच तो जळतो म्हणे. जळला की हिरवट, गारेगार शीततीर्थ लावायचं. आग शमली की नजर शमली. पण नजर पडली जुनी, चिवट, म्हणून रात्री पुन्हा लेप. लेप थोडका पुरायचा, तीर्थ मात्र सारखं संपायचं आणि ते होतं भलतंच महाग.

माईंना ही गच्ची मिळवून दिली होती कमिटीवरच्या वैजयंतीबाईंनी. त्याचं फळ लगेच मिळालं. माईंनी त्यांच्या कपाळावर अंगठा टेकवून सांगितलं, "तुझ्यावर नजरेचा ठिपकासुद्धा नाही. तुला लेपाची गरजच नाही. तू नुसतं तीर्थ लाव." वैजयंतीबाईंनी लावलं, चेहरा तुकतुकीत झाला आणि सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये त्यांचे गाल निरखायला लागल्या. बाई फुलून गेल्या.

नजर निघाली ती त्यांच्या सुनेला, अस्मिताला. तिला सहावा महिना चालू होता. गालांवर वांग उठले होते, डोहाळजेवण तोंडावर आलं होतं आणि वैजयंतीबाईंना एकच घोर. फुलांच्या वाडीत बसलेल्या सुनेचे फोटो साताऱ्यापर्यंत जाणार, आणि गालांवर हे काळे डाग! रोज रात्री त्या स्वतःच्या हातांनी तिला लेप लावत होत्या.

"आई, फार आग होते हो," अस्मिता म्हणायची.

"होऊ दे बाळा. जेवढी आग, तेवढी नजर मोठी."

मुलगा निशांत कामासाठी चेन्नईला. फोनवर अस्मिता त्याला 'बरी आहे' म्हणायची. सासूबाई बाकी सगळं मायेनं करत होत्या, तक्रार कुठल्या तोंडानं करणार? तोंड तर सोलून निघालं होतं.

अशात डोहाळजेवणाच्या तयारीसाठी कराडहून उज्वलावन्सं आल्या. वैजयंतीबाईंची ही थोरली नणंद. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. अस्मितानं दार उघडलं आणि वन्संच्या हातातली पिशवी तिथेच राहिली.

"हिला कुणी भाजलं गं?"

वैजयंतीबाईंनी कौतुकानं सगळं सांगितलं. वन्संनी चहासुद्धा घेतला नाही. अस्मिताला आणि दोन्ही डब्यांना घेऊन तडक नेरूळला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं, डबी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"नक्की काय आहे ते तपासणीतच कळेल. पण हे रेटिनॉलसारखं, कातडी सोलून काढणारं काहीतरी दिसतंय, तेही भरमसाट. गरोदर बाईला हे लावायचंच नसतं! घाबरू नकोस अस्मिता, बाळाचे ठोके तुझ्या डॉक्टरांकडे बघून घे, मन शांत होईल. पण आजपासून हे बंद. एक बोटसुद्धा नाही."

अस्मिता तिथेच हमसून रडली. त्याच संध्याकाळी तपासणी झाली. बाळ ठणठणीत होतं.

घरी मात्र वेगळंच. "डॉक्टरांना नजर काय कळते?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "अर्धवट सोडली तर बाळावर उतरते म्हणाल्यात माई. मी लेप थांबवणार नाही."

वन्संना असा संताप आला की समोरचं उलथणं उचलून हाणावं. पण तीस वर्षांत त्यांनी एवढं ओळखलं होतं, की ओरडून सांगितलेलं पोराला परीक्षेपर्यंतसुद्धा टिकत नाही.

"बरं. तुला तर नजर नाही ना?"

"ठिपकासुद्धा नाही!"

"मग तुला लेप जळणार नाही. मसाल्याच्या दोन सारख्या वाट्या दे. एकीत लेप, दुसरीत साधं कोल्ड क्रीम. हळदीचा रंग मी दोन्हीला देते. कुठली कशात, तुला सांगणार नाही. एक या हाताला, एक त्या हाताला. सकाळी गॅलरीत उन्हात. तोवर पोरीच्या तोंडाला हात लावायचा नाही. कबूल?"

आपल्या स्वच्छपणाचा दाखला मिळणार म्हणून वैजयंतीबाईंनी आनंदानं कबूल केलं.

काही दिवसांत उजव्या हाताची आतली बाजू लालबुंद झाली, चरचरायला लागली. डावा होता तसाच. वैजयंतीबाईंनी घाबरून माईंना फोन लावला. माई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "उजव्या हातानं कुणाचं तरी वाईट केलंयस. आठव!"

बिचाऱ्या बाई दुपारभर आठवत बसल्या. विहीणबाईंना दिलेली साडी जरा हलकी होती, ती उजव्याच हातानं दिली होती. त्या रडकुंडीला आल्या.

"रडू नकोस," वन्सं म्हणाल्या. "वाट्यांची अदलाबदल केलीय. आता वाट बघ."

उजवा हात हळूहळू निवला आणि डावा पेटला. वैजयंतीबाई दोन्ही हात समोर धरून सोफ्यावर बसून राहिल्या.

"आता डाव्यानं काय पाप केलं गं?" वन्संनी विचारलं. "नजर हात बदलते का? की मी वाटी बदलली की बदलते?"

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं नीट समजावलं. गरोदरपण सोडलं तर रेटिनॉल वाईट नाही. पण ते मटारच्या दाण्याएवढं, रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, खाली-वर साधं मॉइश्चरायझर लावून घ्यायचं. दिवसा सनस्क्रीन हवंच. कोरियन तीर्थ म्हणजे ब्राह्मीच्या जातीच्या पाल्याचं साधं शांत करणारं पाणी, दुकानात मिळतं. आग होऊ नये म्हणून दोन्ही जोडीनं वापरतात. "तुमच्या माईनं जोडी मोडली. आग एका डबीत घातली, पाणी दुसऱ्या डबीत आणि वरून उन्हात उभं केलं. आग लावणारी तीच, बंब पाठवणारीही तीच. आणि तुला नुसतं पाणी दिलं, कारण गच्ची तुझ्या हातात होती."

 रविवारी वैजयंतीबाई कुणाला न विचारता गच्चीवर गेल्या. वन्सं धापा टाकत मागून. शेजारची जागृती माईंच्या पायावर डोकं ठेवत होती, तिला बाजूला करून बाईंनी लेपाची डबी माईंसमोर धरली.

"माई, आज तुम्ही लावा."

"मला कशाला? मी निर्मळ आहे!"

"म्हणूनच. निर्मळाला जळत नाही ना? लावा आणि या आमच्यासोबत उन्हात. छत्री बंद करा गं कुणीतरी!"

छत्री धरणाऱ्या बाईनं खरंच ती खाली केली. टाकीची सावली एव्हाना सरकली होती. माईंच्या गालावर ऊन पडलं आणि त्या किंचाळल्या, "अगं वेडी का काय! हे लावून सनस्क्रीनशिवाय कुणी उन्हात—"

गच्चीवरचे सगळे जोडलेले हात सुटले.

"सनस्क्रीन?" जागृती सोललेल्या गालावर हात ठेवून उठली. "आमाला तर सूर्यदेव सांगितलात!"

पुढचा गोंधळ विचारू नका. माई तीर्थाच्या बाटल्या सोडून जिना उतरल्या, त्यांच्यामागे चाळीस लाल तोंडं उतरली आणि वरात पोलीस चौकीपर्यंत गेली. डब्या तपासणीला गेल्या आहेत.

वैजयंतीबाई त्या वरातीत गेल्या नाहीत. त्या घरी आल्या आणि अस्मिताच्या पलंगाशी खाली बसल्या.

"चुकले गं मी."

अस्मितानं त्यांचे लाल हात बघितले. "आई, मी पहिल्याच रात्री म्हटलं होतं, आग होते."

"म्हटलं होतंस."

"तुमच्या हाताला झाली तेव्हा कळली. माझ्या तोंडाला होत होती तेव्हा का नाही ऐकलंत?"

 हा प्रश्न कुठलाच माईबाबा विचारू देत नाही, कारण त्यांचा सगळा धंदा असं न ऐकण्यावरच तर चालतो! म्हणून बायांनो, आणि मिशीला पीळ देऊन हसणाऱ्या बाप्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ऐका. दुखणं हीच गुण येण्याची खूण असं कुणी सांगितलं, तर ते आधी त्यालाच लावायला सांगा. देवानं दोन हात दिलेत, एकाला लावा, दुसऱ्याला लावू नका आणि डोळे उघडे ठेवून बघा. आणि घरातलं माणूस आग होते म्हणालं, तर कारणं शोधत बसू नका. आधी उठा आणि त्याचं तोंड धुवा.