पोपटी खाचर

देण्याघेण्याच्या साड्या कुणी नेसत नाही. टोकावड्यापासून शहापूरपर्यंतच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक आहे, आणि एकीच्याही तोंडून ते बाहेर पडत नाही. आहेर आला की काठ बोटांनी चाचपायचा, "कशाला एवढं" म्हणायचं, घडी न मोडता साडी ट्रंकेत टाकायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी पोचवायची. रंजिताच्या सासूला, बाळीला, एकदा तिचीच साडी गावोगाव फिरून परत मिळाली होती. काठावर तिच्याच हळदीच्या बोटाचा डाग होता. म्हातारीने हसत हसत घेतली आणि पुढच्या लग्नात पुढे ढकलली.

हा फेरा रंजिताने मोडला. तिने ट्रंक उघडली आणि साड्यांना कात्री लावली.

तसं सगळं सुरू झालं ते टोपल्यांपासून. भिजवलेल्या कागदाच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या घालून जुनी टोपली लिंपली की ती आणखी काही वर्षं निघते, हे बाळीनेच सुनेला शिकवलं होतं. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता. पत्रिकेवर देव असतो, त्यामुळे ती चुलीत घालता येत नाही आणि केरातही टाकवत नाही. रंजिताने सगळे गणपती कापून विसर्जनासाठी डब्यात ठेवले आणि उरलेल्या पत्रिका भिजत घातल्या. हल्लीच्या पत्रिका भारी माजोरड्या. वरचं चकचकीत प्लास्टिक सोलल्याशिवाय पाणीच पीत नाहीत. टोपल्या झाल्यावरही लगदा उरला, तेव्हा तिने तो गोणपाटावर थापला, त्यात साडीचा तुकडा दाबला, कडेने टाके घातले. ते काय होतं हे तिला सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी तिला जेवणाची शुद्ध नव्हती.

पहिलं काम वाळल्यावर पोपडे होऊन गळलं. दुसऱ्याला बुरशी आली. मग एक उंदरांनी खाल्लं, बहुतेक मेथ्यांसाठी. आणि जे काही टिकलं, ते पाहुणे आले की लपवावं लागे. तिचा नवरा शाम वाईट माणूस नव्हता, पण दारात चपला वाजल्या की त्याचं ठरलेलं होतं. "तेवढा उचल गो." ती उचलायची आणि भाताच्या कणगीमागे सारायची.

मग गेल्या भादव्यात माळशेज घाटातून एसटीने उतरताना तिला खिडकीतून खालची भाताची खाचरं दिसली. बांधाला बांध लागलेला, आणि एकाचा हिरवा दुसऱ्यासारखा नाही. घरी येऊन तिने तेच केलं. बांध लगद्याचे, खाचरं साड्यांची. खाटेएवढं गोणपाट भरायला तिला दिवाळी उलटून गेली. मधोमध पोपटी खाचर होतं. ती साडी थोरल्या नणंदेने, बाईजाताईने, बारशाला दिलेली. अंगावर घेतली असती तर रंजिता लांबून बेडकी दिसली असती, पण खाचरात ती अशी शोभली की येता-जाता रंजिताचे पाय तिथेच अडायचे. तिने वर बांबूची काठी ओवली आणि ते पडवीच्या भिंतीवर टांगलं. काही गळलं नाही. या वेळी कुणीही आलं तरी ते उतरवायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

आणि आली ती बाईजाच. धाकट्या नणंदेचा, दिपिकाचा, साखरपुडा दुसऱ्या दिवसावर होता. सासरा गेल्यापासून या घराची लाज बाईजानेच राखली होती, त्यामुळे ती शहापूरहून आदल्या दिवशीच यायची आणि आल्या आल्या घरभर नजर फिरवायची.

"ह्यो काय?" चपला काढायच्या आधीच तिने विचारलं.

"मी केलाय. खाचरं हायत."

"उद्या वाशिंदची मान्सं येनार, आन् पडवीत चिंध्या?" बोलता बोलता बाईजा जवळ गेली. तिचा हात मधल्या तुकड्यावर थांबला. "ह्यो तर माझा आहेर हाय."

"हाय."

"माझा आहेर कापलास तू?"

"तुमी दिलात तवा माझा झाला ना, ताय."

आहेर पुढे ढकलला तर चालतो, ट्रंकेत कुजला तरी चालतो, पण कापला म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकला, असा हिशेब आहे. शाम मध्ये पडला. "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. उद्या सांजचा परत लाव."

"आजवर एकेका दिवसासाठीच उचलत आले," रंजिता म्हणाली. "ह्यो नाय उचलनार."

"मग माझा तेवढा काढून दे," बाईजा म्हणाली. "बाकीचा लटकव नायतर पांघर."

तिचा डाव सरळ होता. मधलाच तुकडा गेला तर भिंतीवर ठेवण्यासारखं राहणार काय? झक मारत सगळं उतरेल. रंजितालाही ते कळलं. त्या पोपट्याभोवतीचे बांध तिने तीनदा मोडून पुन्हा घातले होते. तिने कात्री घेतली, स्टुलावर चढली आणि बांधाच्या आतून, बांधाला धक्का न लावता, पोपटी तुकडा कापून काढला. मागचं गोणपाट उघडं पडलं. तुकड्याची तिने नीट घडी घातली, तिच्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि आहेर देतात तशी दोन्ही हातांनी नणंदेला दिली.

"घ्या, ताय."

बाईजाला घ्यावं लागलं. हळदकुंकू लावलेलं नाकारायचं कसं? तिने घडी पर्समध्ये टाकली. भोकासकट ते काम भिंतीवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाशिंदची मंडळी आली. पडवीत सतरंज्या पडल्या, चहा फिरला. नवरदेवाचा आजा गोमा शेतीतला माणूस, त्याला खुर्चीत करमेना. हात मागे बांधून तो भिंतीसमोर उभा राहिला, जसा एखाद्याच्या बांधावर राहावा.

"खाचरं बरी हायत," तो म्हणाला. "पन मधला पडीक का टाकला? चांगला पान्याखालचा दिसतो."

रंजिता चहाचं ताट घेऊन मागेच होती. "मालकिनीनं परत नेला, बाबा."

"कोन मालकीन?"

"आमची ताय. त्या काय, बसल्यात."

सगळ्या माना वळल्या. बाईजाने पदर सावरला आणि चहाच्या कपात पाहिलं. गोमाने चांगली मान हलवली. पडीक खाचराचा मालक कळल्यावर गावाकडचा माणूस हलवतो तशी.

मग बायका उठल्या. नवरदेवाच्या मावशीला कोपऱ्यात तिची जांभळी सापडली, मुरबाडच्या कुठल्याशा लग्नात दिलेली, ती इथे कशी पोचली याचा हिशेब लावताना तिला हसू आवरेना. शेजारणींना आपापल्या सापडल्या. बाळी काठी टेकत आली आणि एका पिवळ्या तुकड्यावरच्या डागाला तिने बोट लावलं.

"ही माझी. पुढं ढकलली तरी सुनेच्या आहेरात परत आलीच बघा. आता कुठं जायाची नाय."

हसणं ओसरलं की जी ती मधल्या उघड्या गोणपाटाकडे बघायची आणि विचारायची, हा कुणाचा? रंजिताने एकदाच सांगितलं होतं. नंतर तिला सांगावं लागलं नाही. एकीने विचारलं की दुसरी हळूच बाईजाकडे हनुवटी करायची. साखरपुडा झाला, साखर वाटली, फोटो निघाले. सगळ्या फोटोंत दिपिकाच्या मागे ते पडीक खाचर आलं.

पाहुणे गेल्यावर रंजिता मोरीशी कप विसळत बसली होती. बाईजा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पर्समधून तिने घडी काढली. हळदीचा डाग पोपट्यावर पसरला होता.

"लाव परत," ती म्हणाली.

रंजिताला वाईट वाटलं, ते तिने लपवलंही नाही. पण हात पुढे केला नाही. "तुमीच लावा, ताय. सुईदोरा डब्यात हाय."

"मला तुझ्यासारखा बारीक नाय जमत."

"बारीक नकोच. टाके मोठे घाला, लांबनं दिसले पायजेत."

बाईजाने चष्मा काढून पदराने पुसला, डब्यातून सुई घेतली आणि पडवीत जाऊन बांबूच्या काठीला हात घातला.

"उतरवू नका," रंजिता आतून म्हणाली. "भिंतीवरच शिवा."

शामने स्टूल आणून दिलं. बाईजा त्याच्यावर चढली.