एडवर्ड हॅस्लमचं पुसट पान

शनिवारी जेफ्री हॅस्लमना लायब्ररीत बोलायचं होतं. इंग्लंडनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, त्याला २००७ साली दोनशे वर्षं होत होती आणि त्यांचे खापरपणजोबा एडवर्ड तेव्हा पार्लमेंटात होते. बार्बाडोसला घरचे उसाचे मळे, राबणारी माणसं विकत घेतलेली. तरी एडवर्डनी मत बंदीच्या बाजूनं दिलं, असं घराण्यात सांगत आले होते. पुरावा एकच, एडवर्डच्या रोजनिशीतलं त्या दिवसाचं पान. नेमकं तेच पुसट झालेलं.

गुरुवारी दुपारी ते रोजनिशी घेऊन शेजारच्या विभावरीताईंकडे आले. ताई सहा महिन्यांसाठी मुलाकडे परदेशात, हेन्डरसन गावी आल्या होत्या; पुण्यात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं.

"उन्हात धरून बघू का?" जेफ्रींनी विचारलं.

"म्हणजे उरलंसुरलंही जाईल," ताई म्हणाल्या. "या शाईत लोखंड असतं, ते कागदात मुरलेलं असणार. तुमचा तिकिटं तपासायचा जांभळा दिवा आणा."

जेफ्री टपाल तिकिटं जमवत, त्यामुळे दिवा त्यांच्या घरातच होता; ते जाऊन घेऊन आले. ताईंची नात श्रिया हिनं पडदे ओढले. दिव्याखाली कागद उजळला आणि ओळी काळ्या उमटल्या.

"हीप्स ऑफ रायटिंग, आजी, केवढं लिहिलंय!" श्रिया पुटपुटली.

जेफ्रींनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "विरुद्ध मत दिलं असेल, तर शनिवारी तेच सांगावं लागेल मला."

ताई सावकाश वाचू लागल्या. 'बंदीच्या बाजूनं मत दिलं. वडिलांनी मला घराचं दार बंद केलं, तर नवल नाही.'

जेफ्रींनी खुर्चीला पाठ टेकली. "बस. एवढंच हवं होतं."

"खाली अजून आहे," ताई म्हणाल्या. 'सगळे पाठ थोपटत होते. आता नवी माणसं आणता येणार नाहीत. आमच्या मळ्यावरची एकशे चाळीस मात्र आमचीच राहणार. त्यांच्यासाठी आज मी काहीच केलं नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी मला स्वतःला थोर समजता येणार नाही.'

जेफ्रींनी त्या ओळींकडे बोट दाखवलं. "हेही वाचायचं?"

"मत पुष्कळांनी दिलं," ताई म्हणाल्या. "त्याच दिवशी असं किती जणांनी लिहिलं असेल?"

"आय लाइक हिम बेटर नाउ," श्रिया म्हणाली.

शनिवारी जेफ्रींनी पान अख्खं वाचलं. 'एकशे चाळीस'पाशी ते थांबले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.