सहा जणांचा वाढलेला दम

१९५७ सालच्या पावसाळ्यात मालवण बंदरावरच्या एका हुतुतू संघाचा सराव दहा आठवडे बंद होता. त्या काळात संघाला मास्तर नव्हता. नारळी पौर्णिमेच्या सकाळी सातही खेळाडूंचा दम मोजला, तेव्हा सहा जणांचा दम आठ ते तेरा सेकंदांनी वाढलेला आढळला. सातवा खेळाडू बाबली. सातांपैकी तोच एकटा पावसाळाभर रोज सकाळी धावत होता. त्याचा दम एका सेकंदानेही वाढला नव्हता.

मित्रांनो, हे आकडे मी मोजलेले आहेत. मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझे कवच निकेलचे, तबकडी पांढऱ्या मिन्याची. डोक्यावरची कळ एकदा दाबली की काटा सुटतो, दुसऱ्यांदा दाबली की थांबतो, तिसऱ्यांदा दाबली की शून्यावर परततो. एका सेकंदाचे मी पाच भाग करू शकते. त्याहून बारीक भाग मला करता येत नाहीत आणि तसा दावाही मी कधी केलेला नाही. परदेशातील एका कारखान्यात माझी जुळणी झाली. मुंबईच्या एका गिरणीत काही वर्षे मी मागांचे फेरे मोजत होते. गिरणीने मला मोडीत काढले, तेव्हा तेथील एका जॉबरने, म्हणजे मुकादमाने, मला मागून घेतले आणि १९५१ साली बोटीने मालवणास आणले. त्यांचे नाव तुकाराम. बंदरावर सारे त्यांना मास्तर म्हणत.

गिरणीत मी यंत्रे मोजली होती. मालवणच्या वाळूत मी प्रथम माणसाचा श्वास मोजला. हुतुतूचा खेळाडू एका श्वासावर प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, 'हुतुतू' हा उच्चार न तोडता गडी मारतो आणि त्याच श्वासावर परततो. मास्तर मला तळहातावर धरत. पस्तिसाव्या सेकंदाला खेळाडूच्या मानेच्या शिरा फुगत, चाळिसाव्याला डोळे तांबारत, आणि तरी तो उच्चार चालूच राही. माग थकत नाही, म्हणून त्याच्या वेगाचे मला कधी नवल वाटले नव्हते. थकणारी वस्तू थकल्यानंतरही पुढे चालते, हे मी येथे पाहिले. सहा वर्षे रोज पाहूनही माझे आश्चर्य कमी झाले नाही.

संघातले सातही जण मासेमारी करणाऱ्या घरांतले होते. जत्रांमध्ये ते मानधन घेऊन खेळत आणि बहुधा जिंकत. मात्र रत्नागिरीच्या जिल्हा सामन्यांत सलग तीन वर्षे ते उत्तरार्धात हरले. तिन्ही वेळी दम अपुरा पडला. तेव्हा संघ चालवणाऱ्या मंडळाने ठराव केला: यंदा कार्तिकात पुन्हा हार झाली, तर संघ बंद करावा आणि त्याची झोपडी सुकी मासळी ठेवण्यास द्यावी. नेमके त्याच वर्षी ज्येष्ठात मास्तरांना काचबिंदूने गाठले. माझा काटा त्यांना दिसेना. त्यांनी शेवटची मोजणी मंडळाच्या चिटणिसांकडून वाचून घेतली, आकडे त्यांच्याकडूनच वहीत उतरवून घेतले आणि मला मंडळाच्या स्वाधीन केले.

"आता माका पोरां दिसनत नाय, फक्त आयकाक येतत," ते म्हणाले. "दुसरो मास्तर बघा. पण संघ मोडू नका रे."

नव्या मास्तरपदासाठी दोन नावे पुढे आली. महादू हा संघाचा जुना गडी. दंड खांबासारखे, आणि मुशीच्या काळजाच्या, म्हणजे शार्क माशाच्या यकृताच्या, तेलावर अढळ श्रद्धा. आषाढात त्याने खेळाडूंना त्या तेलाच्या सहा बाटल्या दिल्या होत्या. दुसरे परशुराम सर, सावंतवाडीच्या शाळेतले कवायत शिक्षक. त्यांनी ज्येष्ठातच श्वसनाच्या व्यायामांचा एक रेखीव तक्ता टपालाने पाठवला होता.

निवडीची सभा नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भरली. मंडळातले वडीलधारे दाजी. कोणतेही काम देवाला गाऱ्हाणे घातल्यावाचून सुरू करायचे नाही, हा त्यांचा नेम. नारळ समोर ठेवून ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"म्हादूक मास्तर केलां तर संघाचां बरां कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परशुराम सरांक केलां तर तेंकाव यश दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक विरामाला होकार द्यायचा, ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. चिटणीस घाटावरून नुकतेच बदलून आलेले टपाल कारकून होते. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी इतिवृत्तात लिहिले: 'श्री. महादू यांची एकमताने निवड. श्री. परशुराम यांची एकमताने निवड.' वाचून दाखवताच झोपडीत गोंधळ उडाला.

"मेल्या, ती काय निवडणूक होती? ता गाऱ्हाणां होतां!" दाजी ओरडले.

"पण आपण सर्वांनी होय म्हटलंत," चिटणीस शांतपणे म्हणाले.

"देवाक व्हय म्हटलां, तुका नाय!"

अखेर असे ठरले की सकाळी खेळाडूंचा दम मोजावा आणि तो पाहून निर्णय घ्यावा. तो मोजला गेला, आणि आरंभी सांगितलेले आकडे निघाले.

महादूने लगेच तेलाचा विजय जाहीर केला. दाजींना मात्र तक्ता पटला. त्यांनी मोजणीसाठी सावंतवाडीहून आलेल्या सरांच्या हातात नारळ दिला. "शाबास सर! हय पाय न ठेवता तुम्ही पोरांका तयार केल्यात. आता मास्तर तुम्हीच."

सरांनी तो नारळ घेऊन खाली ठेवला. त्यांनी प्रथम संशय घेतला तो माझा, आणि हे योग्यच होते. मालवणच्या शाळेतल्या रेडिओवरील वेळेच्या ठोक्यांशी त्यांनी मला अर्धा तास ताडून पाहिले. चूक दोन सेकंदांची निघाली. चाळीस सेकंदांच्या श्वासात ती एका सेकंदाचा विसावा भागसुद्धा होत नाही. काटा वाचणारे दोन्ही वेळा चिटणीसच होते. म्हणजे वाढ खरी होती.

मग सरांनी खेळाडूंना विचारले, "तक्ता कोणी कोणी वाचला?"

सर्वांत जास्त, तेरा सेकंदांची वाढ झालेला गणपत पुढे आला.

"सर, खोटां कित्या सांगू? तुमचो तक्तो जाड होतो. आम्ही तो झोपडेच्या खिडकीच्या फटीत घातलो. एक थेंब भुतूर इलो नाय."

"आणि तेल?" महादूने अधीरपणे विचारले.

"तेल एकदम बरां होतां हा, म्हादूदादा. व्हड्येक लायलां."

"म्हणजे व्हड्येचो दम वाढलो," दाजी म्हणाले, आणि होडीला चोपडलेल्या त्या तेलावर महादूसकट सगळे हसले.

हसणे थांबल्यावर सर म्हणाले, "दाजी, ही वाढ माझ्या तक्त्यामुळे झालेली नाही. तसे लिहून ठेवा."

दाजींनी त्यांना बाजूला घेतले. "सर, गप रवा. नशीब दारात इलासा. तेका खंयसून इलंस म्हणान कित्या विचारतास?"

"कारण कळलं नाही, तर कार्तिकापर्यंत मी यांच्याकडून काय करवून घेऊ? सामना हरलो तर झोपडीत मासळी वाळेल."

मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिले आहेत. जिंकणाऱ्याचे हात कापतात आणि हरणाऱ्याचे घामेजतात. न कमावलेले श्रेय परत करताना सरांचा जो हात माझ्याभोवती होता, तो कोरडा आणि स्थिर होता.

त्यांनी प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी केली. आहार तोच, झोप तीच. फरक फक्त बाबलीत सापडला. तो पावसाळाभर भातलावणीसाठी नांदगावला मामाच्या घरी होता.

"लावणीक गेललंय," बाबली म्हणाला. "रोज शेताच्या मेरेवरसून धावलंय, सर. ह्ये मेले हयच बसान होते. मास्तरांच्या घराक जायत आणि पेज जेवन येयत."

"मास्तरांच्या घरी? कशाला?"

"तेंका दिसना नाय मां," गणपत म्हणाला. "पेपर वाचून दाखवचो, पाणी भरूचां, विडी पेटवन देवची. आम्ही रोज दोघा-तिघांची पाळी लायली होती."

सर, दाजी, गणपत आणि बाबली तेव्हाच मास्तरांच्या घरी गेले. मी सरांच्या खिशात होते. मास्तरांच्या पत्नी राधाबाई चुलीपुढे खोकत बसल्या होत्या. लाकडे ओली, नारळाची सोडणे ओली, घरभर धूर. सरांनी नमस्कार करून विचारले, "वहिनी, ही मुलं इथे येऊन नेमकं काय करत होती?"

"बसान गजाली, नुसत्यो गप्पा!" राधाबाई म्हणाल्या. "मी म्हटलंय, मेल्यांनु, माझ्या छातयेक धूर सोसना नाय, पेज व्हयी तर चूल फुका. तुम्हांकाव च्या व्हयो मां, सर? मगे फुका." आणि त्यांनी सरांच्या हातात फुंकणी दिली.

ती साधी लोखंडी नळी होती. दूरचे टोक ठोकून इतके अरुंद केलेले, की त्यातून जेमतेम ज्वारीचा दाणा गेला असता. सरांनी छाती भरून जोराने फुंकर मारली. राख उडून त्यांच्या चष्म्यावर बसली. गणपत हसू दाबत म्हणाला, "इतक्या जोरान नाय, सर. वल्या लाकडाक बारीक व्हयो, पण लांब. मधी सोडलास की इंगळो मेलो."

सरांनी चष्मा पुसला. काही क्षण ते फुंकणीचे टोक पाहत राहिले. मग त्यांनी मला बाहेर काढले. "गणपत, तू फुंक. एकाच श्वासात."

गणपत वाकला. कळ दाबली गेली. निखाऱ्याचा एक ठिपका तांबडा झाला आणि तांबडाच राहिला. दहा सेकंद. वीस. तीस. फुंकणीतून एकसारखा, दोऱ्यासारखा बारीक आवाज येत होता. चाळीस. बाहेरच्या खाटेवर मास्तर उठून बसले. त्यांना काही दिसत नव्हते, पण तो आवाज त्यांनी ओळखला असावा. एकोणपन्नासाव्या सेकंदाला लाकडाने पेट घेतला आणि गणपतने मान वर केली. एका माणसाच्या छातीत मावणारी हवा ती केवढी! तेवढ्या हवेवर त्याने ओल्या लाकडाला जाळ आणला होता. मी आयुष्यात हजारो वेळा थांबले आहे; त्या वेळी मात्र थांबू नये असे वाटले.

सर कुजबुजल्यासारखे म्हणाले, "हुतुतूचा दम म्हणजे हेच. श्वास किती घेतला यापेक्षा तो किती सावकाश सोडला, हे महत्त्वाचं." मग त्यांनी पाळीचे दिवस विचारले. राधाबाईंनी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या. गणपतचे एकेचाळीस दिवस, वाढ तेरा सेकंद. सर्वांत कमी पाळ्या ज्या दोघांच्या, त्यांचे पंचवीस आणि चोवीस दिवस, वाढ प्रत्येकी आठ सेकंद. मधल्या तिघांचेही दिवस आणि सेकंद याच उतरत्या क्रमाने होते. बाबलीच्या नावाला एकही रेघ नव्हती.

"सर," मास्तर खाटेवरून म्हणाले, "मी सहा वर्सां पोरांका फुकट धावडवलंय, असोच तेचो अर्थ मां?"

"फुकट नाही. पण दम धावण्याने वाढला नाही, हे खरं."

मास्तरांनी दाजींना जवळ बोलावले. मग म्हणाले, "दाजीनु, घड्याळ ह्येंकाच देवा. जो आपली चूक पयली सांगता, तो पोरांची चूकव निभावन नेतलो."

"आणि माझी चूल?" राधाबाईंनी विचारले.

"सराव इथेच होईल, वहिनी. कार्तिकापर्यंत रोज."

"येवा. पण येताना लाकडां घेवन येवा."

या वेळी दाजींनी गाऱ्हाणे सर्वांत शेवटी घातले, आणि निवड आधी इतिवृत्तात लिहून घेतली.

सरांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. बाबलीचे धावणे बंद करून त्यांनी त्याला दसऱ्यापर्यंत रोज चूल फुंकायला बसवले. दसऱ्याला मी त्याचा दम मोजला. तो सात सेकंदांनी वाढला होता. कार्तिकात रत्नागिरीच्या मैदानावर संघ उत्तरार्धातही श्वास न तुटता खेळला आणि तीन गुणांनी जिंकला. झोपडी संघाकडेच राहिली.

पुढे नऊ वर्षे मी सरांच्या हाताशी होते. १९६६ साली खाऱ्या हवेने माझी कमान गंजली. मला एका पत्र्याच्या डब्यात ठेवण्यात आले, आणि तेथे मी आजही आहे, त्या वहीच्या शेजारी. मित्रांनो, मोजण्याची साधने कोरडी ठेवा आणि त्यांना तेल द्या. त्यांनी दाखवलेला आकडा आपल्या सोयीचा निघाला, तर तो पुन्हा एकदा तपासा.

वहीत सरांच्या अक्षरात त्या वर्षीची नोंद अशी आहे: 'सहा खेळाडू दहा आठवडे पाळीपाळीने दृष्टी गेलेल्या मास्तरांच्या सेवेस जात होते. तेथे त्यांना ओल्या लाकडांची चूल अरुंद तोंडाच्या फुंकणीने, सावकाश व लांब श्वासाने फुंकावी लागे. सातवा गेला नव्हता. वाढलेल्या दमाचे कारण हे आहे. दुसरे कोणतेही आढळले नाही.'